डिस्कसाठी दाणा निवडताना

५ ऑक्टोबर, रविवार. साचा पुसायला घेतला.

दसऱ्याचा गुरुवार, कामगार गावी गेलेले म्हणून सोडून दिलेला शुक्रवार आणि औद्योगिक वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीचा शनिवार, असे तीन दिवस शेड बंद होती. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी येऊन जात होता आणि पत्र्याखाली दमट वास कोंडला होता. मी शटर वर केलं, पंखे लावले, सुती चिंध्या आणि रॉकेलची डबी घेतली आणि बाकावरच्या नव्या साच्याचे दोन भाग चेनब्लॉकच्या साखळीने उचलून अलग केले.

आत पाहिलं आणि चिंधी हातातच राहिली.

आरशासारखं पॉलिश केलेलं पोलाद होतं ते. त्यावर तपकिरी ठिपके पडले होते. मधल्या सपाट भागावर सात-आठ, विखुरलेले. एक मात्र कडेच्या खोबणीत, जिथे डिस्कची कड तयार होते, बरोबर तिथे. ठिपक्यांच्या बाजूला कुंकवाचा गुलाबी ओघळ सुकलेला.

मी पुसलं. गंज चिंधीवर आला. मग नख फिरवलं. प्रत्येक ठिपक्यापाशी नख किंचित अडकत होतं. गंज पुसला जातो, त्याने खाल्लेला खड्डा पुसला जात नाही. एवढं कळायला मला साचे बनवणाऱ्या टूलरूमच्या माणसाची गरज नव्हती.

नाशिकमधली माझी शेड लहान आहे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरणारी दोन मोल्डिंग मशीन आहेत. बादल्यांच्या मुठी, पाण्याच्या टाकीची बुचं, पाइप भिंतीला धरून ठेवायच्या पट्ट्या असा माल निघतो. बघण्यासारखं त्यात काही नसतं आणि कुणी बघतही नाही. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून शेड मी चालवते. डिस्क गोल्फ हा शब्द मी या उन्हाळ्यापर्यंत ऐकलेला नव्हता.

तो घेऊन आल्या सटाण्याच्या एक मॅडम. पस्तिशीच्या, शाळेत खेळ शिकवणाऱ्या, स्वतः एके काळी थाळीफेक करणाऱ्या. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी तीन तबकड्या काढून माझ्या टेबलावर मांडल्या आणि मला खेळ समजावला. डोंगरउतारावर लांब-लांब लोखंडी टोपल्या उभ्या करायच्या, त्यांना साखळ्या लटकवायच्या, आणि कमीत कमी फेकींत आपली डिस्क त्या साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. शाळेमागच्या टेकडीवर त्यांच्या वीस-बावीस मुली हे खेळत होत्या. डिस्क परदेशातून मागवाव्या लागत. एक ओहोळात गेली की मुली दोन दिवस शोधत बसत.

"इथेच का नाही करत कुणी, म्हणून मीच साचा बनवून घेतला," मॅडम म्हणाल्या. चार मैत्रिणींनी मिळून, अंबडच्या एका टूलरूममधून. साच्याच्या पैशांसाठी त्यांनी वर्षभर काय काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, टूलरूमवाल्याने मला नंतर सांगितलं. आता प्रश्न उरला होता तो प्लास्टिकचा. प्लास्टिक आमच्याकडे दाण्यांच्या रूपात येतं; कोणत्या दाण्यात डिस्क काढायची?

त्या तीन तबकड्या म्हणजे तीन प्रकारचं प्लास्टिक. पहिली पांढरी, खडूसारखी कोरडी. हातात छान बसणारी, ओल्या हातातूनही न निसटणारी. तिची कड मात्र करवतीसारखी झाली होती.

"दगडावर आपटली की चिरा पडतात," मॅडम म्हणाल्या. "मग मुलींची बोटं कापतात. मी रोज कानशीने घासून देते."

दुसरी नितळ, खडीसाखरेसारखी. आरपार दिसणारी. दोन वर्षं त्याच टेकडीवर खेळून तिला नुसते ओरखडे होते. पण गुळगुळीत. दवाच्या सकाळी बोटांतून सुटते असं त्यांचं म्हणणं. तिसरी मऊ, रबरासारखी, दोन बोटांनी दुमडता येणारी.

"तुम्ही तिन्ही करून बघा, ताई. मला प्लास्टिकमधलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तो दाणा."

मला काम देणारी माणसं सहसा असं म्हणत नाहीत. ती एक दाणा सांगतात, नंतर त्यात भंगाराचा चुरा मिसळा म्हणतात, आणि माल तुटला की मला बोलावतात. मी मॅडमना म्हटलं, बघते. एवढंच.

साचा खंडेनवमीच्या दिवशी शेडवर आला, हेच चुकलं. आदल्या दिवशी आला असता तर मी तो सरळ मशीनवर चढवला असता.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन बंद ठेवून त्यांची पूजा होते. माझ्या मशीनवरचे काका घोटीकडचे, साठीला आलेले, माझ्या नवऱ्याने ठेवलेले. एरवी बोलतील तर तापमानाचं नाहीतर चहाचं. पण त्या दिवशी ते आंघोळ करून, पांढरी टोपी घालून आले आणि टेम्पोतून उतरलेला साचा पाहून म्हणाले, "वहिनी, नवा साचा हाय. बंद ठेवून कशी पूजा करायची? आतलं तोंड दिसलं पायजे."

"बाहेरून हळद-कुंकू लावा आणि सोडा."

"न्हाय वो. नवी नवरी आली तर डोईचा पदर सारूनच बघतेत ना."

मी हसले, आणि साचा उघडू दिला. काकांनी दोन्ही भागांवर हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडू ठेवला. मग नारळ माझ्या हातात दिला. विधवेने नारळ फोडू नये असं शेडमध्ये कुणी मला तोंडावर म्हणत नाही. पगार माझ्या हातून मिळतो. आजूबाजूच्या शेडमध्ये काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि मी नऊ वर्षं दर खंडेनवमीला फोडत आले आहे. बाकाखालच्या दगडावर मी नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. पाणी वर बाकापर्यंत उडालं. मी अर्धी वाटी हातात धरून उरलेलं पाणी मशीनभोवती शिंपडलं, तसं दरवर्षी शिंपडते. मशीनचा पत्रा रंगवलेला असतो, त्याला काही होत नाही.

उघड्या पोलादाला होतं. नारळाच्या पाण्यात मीठ असतं, साखर असते. मला ते ठाऊक होतं. पूजेनंतर पुसून, गंजरोधक फवारा मारून साचा बंद करायचा, हेही ठाऊक होतं. पण प्रसाद वाटला, चहा झाला, काकांची घोटीची गाडी निघायची वेळ झाली. काकांनी साचा तसाच मिटला, आणि फवाऱ्याची बाटली मी हातात घेतलेली असताना फोन वाजला. बोलून झालं, बाटली फडताळात ठेवली, शटर ओढलं. फवारा मारल्याची माझी खात्रीच होती. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटत फिरतानाही एकदा मनात आलं नाही.

काका साडेआठला आले. मी साच्याकडे बोट केलं. त्यांनी चष्मा लावला आणि वाकून बोटाने चाचपलं.

"देवाच्या पाण्यानं गंज येतो व्हय?" ते म्हणाले.

"पाणी नारळाचं होतं, काका."

"मीच म्हनलो उघडा म्हणून."

"उघडा तुम्ही म्हणालात. फवारा मारायचा माझ्याकडून राहिला. वाटून घेऊ."

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नव्हतं. साचा माझा नव्हता. मशीन बिघडलं तर मी ते माझ्या पद्धतीने निस्तरते. दुसऱ्याची वस्तू माझ्या बाकावर खराब झाली, असं यापूर्वी एकदाही झालं नव्हतं. मॅडम बुधवारी येणार होत्या, तिन्ही प्लास्टिकच्या डिस्क बघायला.

सरळ मार्ग होता: ज्याने साचा केला त्या टूलरूमवाल्याला फोन करायचा, घासून मिळेल का विचारायचं. पण तो मॅडमच्या रोजच्या बोलण्यातला. त्याला सांगणं म्हणजे त्यांना सांगणं. आणि त्याला सांगणं म्हणजे वसाहतीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीलाही सांगणं. तिथे गंजाबद्दल कुणी बोललं नसतं. नारळ कुणी फोडला, याबद्दल बोलले असते.

मी फोन केला नाही.

पॉलिशची पेस्ट आणली, लाकडाच्या काडीला फडकं गुंडाळलं आणि मधल्या भागावरचा एक ठिपका तासभर घासला. चमक परत आली. खड्डा होता तिथेच. खोबणीतल्या खड्ड्याला मी हात लावला नाही. तिथे केसाइतकं जरी पोलाद कमी झालं तरी कडेचा आकार बदलतो, आणि मॅडमनीच सांगितलं होतं की डिस्क कशी उडेल ते सगळं त्या कडेवर असतं.

दुपारी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, एक बोलू?"

"बोला."

"पांढरा दाणा आधी चढवू. त्यात काय दिसायचं नाय."

मला ते सकाळपासून माहीत होतं. मी बोलले नव्हते इतकंच. खडूसारख्या कोरड्या पांढऱ्या प्लास्टिकवर टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा उठला तर कुणाच्या नजरेला येणार? नितळ प्लास्टिकमध्ये मात्र धुळीचा कणही दिसतो.

"चढवा," मी म्हटलं.

तासाभरात साचा मशीनवर बसला. पहिले चार-पाच नग अर्धवट आले, कड भरली नाही, तसं होतंच. दाब वाढवला, थंड व्हायचा वेळ वाढवला. सहावी डिस्क पूर्ण आली. मी ती खिडकीपाशी नेली. उजेडात तिरपी धरली, उलटी केली, पुन्हा सरळ केली. काही नाही. खोबणीतल्या खड्ड्याच्या जागी बोट फिरवलं. अगदी शोधायला गेलं तर लागत होतं. शोधणार कोण?

"बघा," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात सकाळनंतर पहिल्यांदा जरा जीव आला होता.

मलाही बरं वाटायला हवं होतं. पण माझं बोट पुन्हा पुन्हा त्या कडेवरच जात होतं.

रबरी दाण्याची डिस्क त्याच संध्याकाळी काढली. ती साच्याला चिकटली, ओढून काढताना वाकली आणि थंड झाल्यावर पोट आत गेलेली निघाली. तिचा विचार तिथेच संपला. म्हणजे राहिल्या दोन, पांढरी आणि नितळ.

नितळ डिस्कसाठी टीपीयू नावाच्या प्लास्टिकचा दाणा लागतो, आणि तो हवेतली ओल पितो. ड्रायरमध्ये तीन-चार तास तापवल्याशिवाय मशीनमध्ये घातला तर आत बुडबुडे धरतात. सोमवारी सकाळी मी ड्रायर लावला आणि दर अर्ध्या तासाने जाऊन काटा बघत राहिले. बघायची गरज नव्हती, ड्रायर आपोआप चालतो. काका दुसऱ्या मशीनवर बुचं काढत होते.

मनात मी एक सोय करून ठेवली होती. टीपीयू नीट आलाच नाही, बुडबुडे आले, धुरकट आला, तर प्रश्नच मिटेल. पांढराच घ्यावा लागेल. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मशीनमधून माल खराब निघावा म्हणून वाट बघत होते.

दुपारी एकला पहिली पूर्ण डिस्क निघाली आणि ती सुरेख होती. फिकट निळी, आरपार, एक बुडबुडा नाही. आणि तिच्या मध्यावर सात-आठ बारीक टिंबं, जणू कुणी सुईने टोचलेली. कडेवर एक. मी हातात घेतल्याबरोबर पहिलं बोट तिथेच गेलं. टोचत नव्हतं, पण लागत होतं, भाकरीतल्या खड्यासारखं.

"ही नको दाखवू त्यांना," काका म्हणाले. ते मला अगंतुगं कधीच करत नाहीत. तोंडातून निघून गेलं असावं. त्यांनी लगेच चष्मा पुसायला काढला.

मी दोन पांढऱ्या आणि दोन नितळ डिस्क घेऊन शेडच्या मागे गेले. तिथे काळ्या दगडाची कुंपणभिंत आहे. मला फेकता येत नाही, तरी दोन्ही प्रकार त्या भिंतीवर सारख्याच जोराने आपटत राहिले, उचलत राहिले. शेजारच्या शेडमधला हमाल थांबून बघत होता.

"ताई, राग कुणावर काढताय?"

"प्लास्टिकवर," मी म्हटलं.

वीस-पंचवीस वेळा आपटल्यावर पांढऱ्या डिस्कच्या कडेला चिरा पडल्या. एका चिरेचं टोक वर उचललं गेलं होतं. मी त्यावरून अंगठा ओढला. कातडी खरवडली गेली, रक्त नाही, पण पुन्हा तसाच ओढला असता तर आलं असतं. नितळ डिस्कवर फक्त पांढरट रेघा. कड जशीच्या तशी.

म्हणजे आता माझ्याकडे कारण नव्हतं. दगडाळ टेकडीवर खेळणाऱ्या मुलींसाठी कोणता दाणा चांगला, ते भिंतीने सांगितलं होतं. दवात हात घसरतो ही एक अडचण खरी होती. रुमालाने पुसून फेकली तर चालते, हेही मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चिरा पडलेली कड रुमालाने पुसली जात नाही.

संध्याकाळी साडेपाचला मॅडमचा फोन आला. मागे मुलींचा गलका आणि साखळ्या खणखणल्याचा आवाज येत होता. साखळ्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, बुधवारी येतेच आहे, पण धीर धरवत नाही. झालं का काही?"

"तिन्ही काढल्या."

"मग? कोणता?"

मी खिडकीत उभी होते. टेबलावर दोन्ही डिस्क होत्या.

"पांढरा बरा वाटतोय," मी म्हटलं. "हातात पकड चांगली आहे. सकाळचं दव असतं ना तुमच्याकडे."

"हो, ते आहेच. आणि दगडाचं?"

"दगडाचं बघू. थोडा जाड केला तर टिकेल."

साचा एकच. त्यात जाड-बारीक काही करता येत नाही. मॅडमना ते माहीत नव्हतं.

"मग पांढराच," त्या लगेच म्हणाल्या. "तुम्ही करून बघितलंय म्हणजे झालं. मी आत्ताच सांगते यांना." आणि फोन कानापासून दूर धरून त्या ओरडल्या, "ए पोरींनो, आपली डिस्क ठरली! नाशिकच्या ताईंनी ठरवली!" मुलींनी आरडाओरडा केला. कुणीतरी शिट्टी मारली. मी फोन ठेवला.

मी खोटं बोलण्यात फार पटाईत नाही, पण धंद्यात कधी बोललेच नाही असंही नाही. उद्या माल देते म्हणून परवा दिला आहे. हे तसं नव्हतं. मी त्या मुलींची बोटं एका बाजूला ठेवली होती आणि माझी अब्रू दुसऱ्या, आणि अर्ध्या मिनिटात निवड केली होती. तेही स्वतःला पकड आणि दव अशी कारणं सांगून.

काका हात धुऊन निघाले होते. दारात थांबले.

"काय म्हनल्या?"

"पांढरा चालेल म्हणाल्या."

"बरं झालं."

"काका, तुमची नात कुठल्या वर्गात?"

"सातवीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चिरलेल्या डिस्ककडे. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली. "मंग सांगून टाका वहिनी. माझं नाव घ्या. उघडा मीच म्हनलो."

"तुमचं नाव कशाला घेऊ? बाटली माझ्या हातात होती."

"लोक नारळाचं बोलतील."

नऊ वर्षांत ते एकदाही हे बोलले नव्हते. त्यांनाही ते ठाऊक होतं, हे मला त्या वेळी कळलं.

"बोलू देत," मी म्हटलं, पण माझा आवाज मला हवा तसा निघाला नाही. ते गेल्यावर मी शटर ओढलं, घरी जाऊन पिठलं-भात केला, दोन घास खाल्ले आणि बाकीचं झाकून ठेवलं. मॅडमना पुन्हा फोन लावायला तीनदा हातात घेतला. फोनवर सांगितलं तर त्या म्हणतील, अहो एवढंच ना, दिसत नाही तर राहू द्या. हातात धरून बघितल्याशिवाय त्यांना कळणार नव्हतं की काय बिघडलं आहे आणि काय नाही. आणि फोनवर मी पुन्हा घसरले असते, याचीही मला खात्री होती.

मंगळवारी पहाटे साडेचारला मी सटाण्याला जायला गाडी काढली. मागच्या सीटवर तीन नितळ डिस्क, चिरलेली पांढरी एक आणि न आपटलेली पांढरी एक. देवळ्याच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात काय बोलायचं ते मी चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा त्यात कुठेतरी पावसाचा, नाहीतर सुट्टीचा दोष निघाला. शेवटी जुळवणं सोडून दिलं.

शाळेमागची टेकडी मला वाटली होती त्यापेक्षा जास्त दगडाळ होती. मॅडम टोपलीच्या साखळ्या तारेने बांधत होत्या. आठ-दहा मुली अनवाणी, काही चपला घालून, दवाने ओल्या झालेल्या गवतात उभ्या. मला बघून मॅडम धावतच आल्या.

"ताई! तुम्ही कशाला आलात, मी उद्या येतच होते ना!"

"उद्यापर्यंत थांबवेना," मी म्हटलं आणि आधी चिरलेली पांढरी त्यांच्या हातात दिली. "ही पंचवीस वेळा भिंतीवर आपटली. ही नको. काल मी चुकीचं सांगितलं."

मग नितळ दिली. एका मुलीने मान पुढे काढली. "मॅडम, हाई काच शे का?"

"नाही गं," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांनी डिस्क सूर्याकडे धरली. टिंबं दिसली. बोट कडेवर गेलं आणि थांबलं.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, उघडा साचा, नारळाचं पाणी, हातात घेऊन न मारलेला फवारा, आणि पांढऱ्या दाण्यात हे दिसत नाही म्हणून तो सुचवला, तेही. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मॅडम गळ्यातली शिट्टी मुठीत आवळत होत्या.

"काल फोनवर का नाही सांगितलंत?"

"काल माझी हिंमत झाली नाही."

त्या वळल्या, चार पावलं मागे गेल्या आणि नितळ डिस्क फेकली. थाळीफेकीतली गिरकी अजून त्यांच्या अंगात होती. डिस्क उताराला समांतर सरळ गेली, शेवटी किंचित डावीकडे वळली आणि टोपलीच्या पुढे दगडावर आपटून थांबली. एक मुलगी पळत जाऊन घेऊन आली. कड शाबूत होती.

"उडते," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "पण साचा मी तुमच्याकडे ठेवायचा की नाही ते आत्ता सांगू शकत नाही."

"नका सांगू. दुरुस्त होतो की नाही ते आधी बघू."

"मधलं निघेल?"

"मधलं निघेल असं मला वाटतं. कडेचं माहीत नाही. ते फक्त ज्याने साचा केला तोच सांगेल."

"त्याला विचारलंत?"

"नाही."

त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. मुली डिस्क एकमेकींच्या हातात देत, कडेवरचा तो खडा बोटाने शोधत होत्या. मी पर्समधून फोन काढला, टूलरूमवाल्याचा नंबर लावला आणि आवाज मॅडमना ऐकू जाईल असा मोठा केला. तो जागा होता, मागे रेडिओ चालू होता.

"बोला वहिनी, एवढ्या सकाळी?"

"तुम्ही केलेला डिस्कचा साचा गंजलाय. माझ्या शेडमध्ये. मी नारळ फोडला, पाणी आत उडालं आणि मी ते पुसलं नाही."

रेडिओ बंद झाला. "थांबा, थांबा वहिनी. कुणी फोडला म्हणालात?"

"मी," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.